‘झाडा’ : देहाचा आणि दप्तराचा

मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घोडेगाव मागे पडल्यावर आणि डिंभे धरण येण्यापूर्वी, शिनोली हे गाव लागते. काही वर्षांपूर्वी तेथे भरलेल्या एका आरोग्य तपासणी शिबिरात एका परिचित डॉक्टरांसोबत जाण्याचा योग आला. डोंगरावरच्या वाडीतून उतरून आलेल्या एका वृद्धेला डॉक्टरांनी विचारले, ‘‘आजी, शौचास साफ होते का?’’ म्हातारी गप्प राहिली. त्यांनी ‘संडास’ हा शब्द योजून तोच प्रश्न पुन्हा केला, तेव्हा ‘‘आमच्याकं नाय बांधल्याला’’ असे उत्तर आले. शेजारी उभ्या असलेल्या, त्याच भागातल्या परिचारिकेने ‘‘आजे, झाडा व्हतोय का?’’ असे विचारले मात्र, म्हातारीला कंठ फुटला. ‘‘तीन दिस झालं बाय, झाडाच नाय. कोठा निस्ता दगाड झालाय,’’ असे सांगून ती आपल्या दुखण्याची सारी हकीकत बोलू लागली.

हा प्रसंग सांगण्याचे कारण बोली आणि प्रमाणभाषा यांतील सर्वपरिचित दरी पुन्हा एकदा दाखविणे हे नाही. माझे कुतूहल वेगळे आहे. ‘शौच’ या शब्दाला ती गप्प राहिली, ‘संडास’ या शब्दाने तिला वास्तू आठवली आणि ‘झाडा’ या शब्दाने तिला स्वतःचे पोट आठवले. एकाच क्रियेसाठी वापरल्या जाणाऱ्या तीन शब्दांनी तीन वेगळ्या वस्तूंकडे बोट दाखवले. अशा शब्दांना आपण ‘सौम्योक्ती’ या एकाच पेटीत टाकून मोकळे होतो. जणू त्यांचे सारे कार्य झाकण्याचे आहे आणि कशाने झाकले हा प्रश्न गौण आहे. माझे म्हणणे असे की, झाकणाचे कापड कोणत्या मागावर विणले गेले हे पाहिले तर शब्दाचा आणि तो वापरणाऱ्या समाजाचा इतिहास हाती लागतो. ‘झाडा’ हा त्यांतला मला सर्वांत अर्थसंपन्न वाटणारा शब्द आहे, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होत आहे.

प्राचीन साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे नाही. मम्मटाने अश्लील हा काव्यदोष त्रिविध मानला. लज्जा, जुगुप्सा आणि अमंगल यांपैकी कशाची तरी जाणीव करून देणारा शब्द अश्लील. मलविसर्जनाचे शब्द अर्थातच जुगुप्सेच्या खाती जमा होतात. त्याच्या कितीतरी आधी दण्डीने ‘काव्यादर्शा’त अधिक सूक्ष्म निरीक्षण नोंदवले आहे. थुंकणे, ओकणे यांचे वाचक शब्द मूळ अर्थाने आले तर ग्राम्य ठरतात. पण तेच गौण वृत्तीने, म्हणजे लक्षणेने, आले तर अतिशय सुंदर ठरतात. कमळाने पराग ‘ओकले’ तर ते चालते. दण्डीच्या दृष्टीपुढे प्रवासाची एकच दिशा आहे : देहाचा शब्द काव्यात जातो आणि शुद्ध होतो. उलट दिशेने, म्हणजे बाहेरच्या जगातला सभ्य शब्द देहात शिरतो तेव्हा काय घडते, हा प्रश्न त्याने विचारलेला नाही. लोकभाषेने मात्र तो वारंवार सोडवला आहे.

सर्वांत सोपी तोड स्थळाची. कोठे गेला ते सांगायचे, काय केले ते सांगायचे नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या ‘लीळाचरित्रा’त म्हाइंभटाने चक्रधरांची दिनचर्या टिपताना या कृत्यासाठी ‘परिश्रय’ हा शब्द वापरला आहे. संस्कृतात परिश्रय म्हणजे वेढलेली, आडोशाची जागा. मराठी गद्याच्या पहिल्याच मोठ्या ग्रंथात देवाच्या शौचाचीही नोंद असावी आणि तिच्यासाठी आदराचा पण निःसंकोच शब्द असावा, हे आपल्या समीक्षेने पुरेसे मनावर घेतलेले नाही. अवतारी पुरुष देहधारी आहे, हे महानुभावांना लपवायचे नव्हते. पुढे ब्राह्मणी घरांतून ‘दिशेस जाणे’, ‘बहिर्दिशेस जाणे’ हे प्रयोग रूढ झाले. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात दिवसा उत्तरेकडे आणि रात्री दक्षिणेकडे तोंड करून मलमूत्रोत्सर्ग करावा असा दंडक आहे. ‘दिशा’ या शब्दामागे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेबरोबर या दंडकाची आठवणही सहज जागी होते. शेतकरी घरांतून ‘परसाकडे’ किंवा ‘परसाकडला’ जातात. परस म्हणजे घरामागची आपली स्वतःची मोकळी जागा. गंमत अशी की ज्यांना परस सोडाच, धड घरही नव्हते, तेही परसाकडलाच जात. याच आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या पाण्याखाली परसेच नव्हे तर गावे गेली. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते जुने आंबेगावच आज जलाशयाच्या तळाशी आहे. वर चढून वसलेल्या माणसांनी शब्द मात्र सोबत आणला.

स्थळवाचक शब्दांत ‘शेतखाना’ हा मोठा फसवा शब्द आहे. वाड्यांच्या आणि गडांच्या संदर्भात जुन्या कागदांत तो भेटतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, लोक शेतात जात म्हणून शेतखाना. वस्तुतः शेताचा यात काडीचाही संबंध नाही. अरबी ‘सिह्हत’, म्हणजे प्रकृतिस्वास्थ्य, आणि फारसी ‘खाना’ यांच्या जोडणीतून हा शब्द आला; शब्दशः आरोग्याचे घर. फारसी दरबाराने घाणीच्या जागेवर आरोग्याचे नाव ठेवले आणि मराठी कानाने त्या आरोग्याचे पुन्हा शेत केले. दरबारी सभ्यतेचा हा असा पराभव मला मनोज्ञ वाटतो. ज्यांना खरोखर शेतातच जावे लागत होते त्यांनी अपरिचित शब्दात आपले परिचित स्थळ ऐकले, आणि लोकव्युत्पत्ती शास्त्रदृष्ट्या चुकली तरी समाजदृष्ट्या बरोबर ठरली.

‘शौच’ या शब्दाची कथा याहून विपरीत आहे. शुचि म्हणजे स्वच्छ. शौच म्हणजे स्वच्छता, आणि धर्मशास्त्रात विशेषकरून मलोत्सर्गानंतरची शुद्धी. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कोणत्या अवयवाला मातीचे किती लेप द्यावेत याचे गणित आहे : लिंगाला एक, गुदाला तीन, डाव्या हाताला दहा, दोन्ही हातांना मिळून सात. मराठीत ‘शौचास होणे’ असे आपण म्हणू लागलो तेव्हा शुद्धीचे नाव जिची शुद्धी करायची तिलाच जाऊन चिकटले. आज ‘शौच’ ऐकणाऱ्याला स्वच्छता आठवत नाही, घाण आठवते. सौम्योक्तीचा हा नित्याचा भोग आहे. झाकणाला आतल्या वस्तूचा वास लागतो आणि मग नवे झाकण शोधावे लागते. ज्याला आपण ग्राम्य म्हणून हाकलले त्या ‘हगणे’ या क्रियापदाचे कूळ मात्र कोठेही झाकलेले नाही. धातुपाठात पुरीषोत्सर्गार्थी ‘हद्’ धातू सरळ दिलेला आहे, आणि त्याचे ग्रीक भावंडही त्याच अर्थाने नांदत होते. ‘गू’ हा संस्कृत ‘गूथ’चा वंशज. कुळाची चौकशी केली तर हे असभ्य शब्दच जुने घरंदाज निघतात.

संस्कृतातले आणखी दोन शब्द येथे नोंदवले पाहिजेत, कारण ‘झाडा’कडे जाण्याची वाट त्यांच्यातून जाते. एक ‘उच्चार’. अमरकोशात विष्ठेच्या पर्यायांत तो आहे आणि जैन मुनींच्या आचारनियमांतही त्याच अर्थाने येतो. उद् आणि चर् : बाहेर पडणे, निघणे. मुखातून निघाला तरी उच्चार, अन्य मार्गाने निघाला तरी उच्चार. (साहित्यसमीक्षेच्या नियतकालिकात ही माहिती देताना थोडे अवघडल्यासारखे होते, हे कबूल केले पाहिजे.) दुसरा शब्द ‘अवस्कर’. याच्यासाठी पाणिनीने सहाव्या अध्यायात स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे; ‘कॄ’, म्हणजे विखुरणे, टाकणे, या धातूला ‘अव’ लागून मधे सकार येतो तो मळाच्या अर्थी. लगेच पुढच्या सूत्रात ‘अपस्कर’ येतो आणि तो रथाचा भाग असतो. एका उपसर्गाने रथ आणि उकिरडा यांत अंतर पडते. काशिकाकार पुढे सांगतात की ज्या जागी तो मळ टाकला जातो त्या जागेलाही अवस्करच म्हणतात. म्हणजे झाडून टाकलेले ते अवस्कर, आणि टाकण्याची जागा तीही अवस्कर. केर आणि विष्ठा यांना एकाच क्रियेची फळे मानणारी ही कल्पना पाणिनीइतकी जुनी आहे.

आता ‘झाडा’. मोल्सवर्थच्या कोशात या शब्दाखाली झडती, हिशेब आणि मलशुद्धी हे अर्थ एकाच दारात उभे आहेत. तरीही पुष्कळांचा समज असा की झाडाआड जातात म्हणून झाडा. ‘झाड’ हा देशी शब्द जुना आहेच. हेमचंद्राने ‘देशीनाममाले’त तो वेलींच्या जाळीच्या अर्थी नोंदवला आहे, आणि बसण्यासाठी जाळीइतका सोयीचा आडोसा दुसरा नाही. पण ही व्युत्पत्ती मराठीचे व्याकरणच टिकू देत नाही. ‘झाड’ हे नपुंसकलिंगी नाम, त्याचे सामान्यरूप ‘झाडा’ : झाडास, झाडाला, झाडाआड. लोक म्हणतात ते ‘झाड्याला जातो’, ‘झाड्यास बसला’. सामान्यरूपातला हा यकार पुल्लिंगी आकारान्त नामाचा आहे. घोडा-घोड्याला, तसा झाडा-झाड्याला. शिवाय झाड ‘होत’ नाही आणि ‘साफ’ही होत नाही. झाडा होतो, साफ होतो, दिवसातून दोनदा होतो, तीन दिवस होत नाही. ती जागा नाही, घटना आहे. ‘झाडणे’ या क्रियापदापासून हे नाम सिद्ध झाले आहे याबद्दल मला शंका वाटत नाही.

या ‘झाडणे’त केवळ केरसुणी नाही. ‘गावातले झाडून सारे आले’ असे आपण म्हणतो तेव्हा एकही मागे राहिला नाही, असे म्हणायचे असते. मांत्रिक भूत झाडतो, विष झाडतो. अंगात काही शिल्लक राहू द्यायचे नाही हा त्याचा उद्देश. झाडाझडतीत चोराचा एकही खिसा सुटत नाही. शब्दाचा गाभा ‘निःशेष’ हा आहे. पेशवेकालीन महसुली कागदांत याच अर्थाने ‘जमीनझाडा’ आणि ‘ठिकेझाडा’ हे दस्तऐवज येतात. गावची एकूण जमीन, तिचे थळ, त्यातील ठिके, कोणते कोणाकडे, पैकी लागण किती, पड किती, इनाम किती, असा शेवटच्या तुकड्यापर्यंतचा तपशील म्हणजे झाडा. त्यात एक ठिका जरी राहिला तरी झाडा पुरा होत नाही. कुलकर्ण्याला झाडा द्यावा लागे, कमाविसदार झाडा घेई. ‘त्याचा चांगला झाडा घेतला’ असे आपण आज रागाने म्हणतो त्यात हीच कचेरी बोलते.

हा एकच शब्द दप्तरातून देहात गेला की देहातून दप्तरात, हा वाद घालण्यात अर्थ नाही. झाडणे दोन्हीकडे होते. लक्षणीय गोष्ट अशी की तो एकटा नाही. ‘दस्त’ हा शब्द महसुलात आकारलेल्या देण्याचा आणि तोच पोटाच्या बाबतीत मलशुद्धीचा. ‘दस्त साफ होणे’ हा प्रयोग जुन्या औषधांच्या जाहिरातींतून वाचकांना आठवेल. ‘कोठा’ हा शब्द तर याहून बोलका. संस्कृत ‘कोष्ठ’ म्हणजे धान्याचे कोठार आणि उदरही. आयुर्वेद माणसांची मृदुकोष्ठ, मध्यकोष्ठ, क्रूरकोष्ठ अशी विभागणी करतो. शिनोलीच्या म्हातारीचा ‘कोठा’ ‘दगाड’ झाला होता तो याच परंपरेतला. पोट म्हणजे कोठी. तीत रोज जमा होते, रोज खर्च पडतो आणि सकाळी झाडा निघतो. बाकी तुंबली तर घराचा व्यवहार अडतो. मिखाईल बाख्तिनने राब्लेवरील ग्रंथात (१९६५) देहाच्या खालच्या अंगाचा उत्सवी, उलथापालथ करणारा अर्थ मांडला आणि आपल्याकडेही त्याची बरीच चर्चा झाली. पण मराठीतले हे शब्द जत्रेतले नाहीत. ते चावडीतले आहेत. येथे देह हसत नाही, तो हिशेब देतो. परक्या सिद्धांताची फूटपट्टी लावण्यापूर्वी आपल्या भाषेने कोणते माप वापरले हे पाहावे, ते याचसाठी.

या शब्दाला जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आणखी एक संदर्भ मिळतो, तो हिरड्याचा. शिनोलीच्या पश्चिमेला डोंगर चढू लागला की हिरड्याची झाडे दिसू लागतात. महादेव कोळी समाजाची कुटुंबे उन्हाळ्यात कोवळी फळे झोडपून, वाळवून बाळहिरडा विकतात. वर्षाच्या रोख पैशाचा तो मोठा भाग. हिरड्यातल्या कषाय द्रव्यामुळे कातडे कमावण्यासाठी तो ब्रिटिश काळात परदेशीही जात असे. पण वैद्यकात त्याचे पहिले स्थान पोटाशी निगडित आहे. शार्ङ्गधराने मळ खाली नेणाऱ्या द्रव्यांचे अनुलोमन, स्रंसन, भेदन आणि रेचन असे चार प्रकार सांगितले. अनुलोमनाचे उदाहरण हरीतकी, स्रंसनाचे बहावा, भेदनाचे कुटकी, रेचनाचे निशोत्तर. मळ पक्व करून, त्याची गाठ फोडून, जबरदस्ती न करता खाली नेणे म्हणजे अनुलोमन. (हाच ‘अनुलोम’ शब्द धर्मशास्त्र उच्चवर्णीय पुरुष आणि निम्नवर्णीय स्त्री यांच्या विवाहाला लावते. वरून खाली जाणे तेवढे ‘केसांच्या दिशेने’, ही समजूत पोटापुरती ठीक आहे.) साऱ्या देशाचा कोठा हलका करणारे फळ ज्या डोंगरात पिकते तेथल्या वृद्धेला आपले दुखणे सांगायला शब्द मिळू नये, हा योगायोग मला त्या दिवशी फार बोचला.

आता या शब्दाची अडचणीची बाजू. ‘झाडा’त झाडणारा कोण? व्याकरण सांगते, कोणी नाही. झाडा आपोआप होतो, देह स्वतःला झाडून घेतो. रानात जाणाऱ्या गावाला हे व्याकरण पुरते. ऊन, डुकरे आणि पाऊस बाकीचे पाहतात. स्त्रियांना मात्र पहाटेच्या आणि रात्रीच्या अंधाराची वाट पाहावी लागे. ती वाट पाहणे या शब्दात कोठेच नाही. शहरात ‘शेतखाना’ आला आणि झाडणारा माणूस लागला. त्याच्यासाठी पुन्हा एक गोड नाव शोधले गेले : ‘हलालखोर’, न्याय्य कमाई खाणारा. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात ‘हलालखोर कर’ या नावाचा करच होता. क्रिया झाकायची ती झाकलीच, आता ती उपसणाऱ्या माणसावरही शब्दाचे पांघरूण घातले; त्याच्या डोक्यावरची पाटी मात्र उतरली नाही. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले, यावरून ती किती काळ उतरली नव्हती ते कळते. सौम्योक्तीचा नैतिक प्रश्न येथे उभा राहतो. ‘झाडा’ म्हणणारी वृद्धा कोणाला फसवत नाही, ‘हलालखोर’ म्हणणारी व्यवस्था फसवते.

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह आला, आणि त्यानंतर दलित साहित्याच्या भाषेवर ग्राम्यतेचे, अश्लीलतेचे आक्षेप घेतले गेले. ते घेणाऱ्यांच्या हातात मम्मटाचीच फूटपट्टी होती. जुगुप्सा शब्दात नसते, ज्या व्यवस्थेने एका माणसाची घाण दुसऱ्याच्या डोक्यावर दिली तिच्यात असते, हे दलित लेखकांचे उत्तर होते. त्यांनी झाकण काढले ते यासाठी. त्यांच्याही आधी गाडगेबाबा (१८७६–१९५६) हाती खराटा घेऊन गावोगाव झाडत फिरले आणि कीर्तनात अडाणी माणसाच्या तोंडचीच भाषा बोलले. झाडणारा कोण, या प्रश्नाला ‘मी’ असे उत्तर देणारे ते विरळा गृहस्थ. त्यांच्या नावाने २००० साली शासनाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि पाठोपाठ ‘हागणदारीमुक्त गाव’ ही शासकीय संज्ञा पाट्यापाट्यांवर आली. सभ्य मराठीने शतकभर दाराबाहेर ठेवलेले क्रियापद शासननिर्णयात जाऊन बसले. २०१८ साली राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त घोषित झाला तोही याच शब्दाने. इमारतीला ‘शौचालय’ आणि सवयीला ‘हागणदारी’, ही विभागणी मोठी सूचक आहे. शासन बांधते ते संस्कृत, गाव करते ते प्राकृत.

संडास बांधले गेले हे चांगलेच झाले, त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण त्याबरोबर शब्दांच्या जगात एक उलट प्रवास घडला. ‘संडास बांधला’ असे म्हणताना हा शब्द पुल्लिंगी असतो, आणि ‘संडास लागली’, ‘संडास झाली नाही’ असे म्हणताना स्त्रीलिंगी होतो. वास्तूने क्रियेला गिळले आणि लिंग बदलून पुन्हा प्रसवले. मराठीला घटनेचा एक नेमका, आतून जाणवणारा, निःशेषतेची तृप्ती सांगणारा शब्द होता. त्याच्या जागी विटा-सिमेंटचे नाव आले. शाळेत शिकलेली मुले ‘झाडा’ या शब्दाला हसतात. त्यांच्या आज्या तो आता त्यांच्यासमोर उच्चारत नाहीत.

त्या शिबिरात परिचारिकेने म्हातारीचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, आणि मग तपासणीच्या कागदावर ठरलेल्या रकान्यात लिहिले : ‘शौच – नाही, ३ दिवस.’ कोठ्याच्या दगडाला त्यात रकाना नव्हता. औषध म्हणून जे चूर्ण दिले गेले त्याच्या पुडीवर पहिले नाव हरीतकीचे होते. म्हातारीने ती हुंगली. ‘‘ह्यो तर आमचा हिरडाच हाये,’’ असे म्हणून तिने ती पदराच्या गाठीला बांधली.